न्यायालयाने स्वतः पाहिले

आवाज घ्यायला आलेल्या दोघांना कौतिकाबाईंनी आधी चपला काढायला लावल्या, मग पाय पुसायला लावले, आणि मग विचारलं, "आवाज घ्यायचा म्हणजे काय करायचा? बाटलीत भरून न्यायचा?"

दोघांतली बाई हसली. पुरुषानं पिशवीतून सुपारीएवढं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि एक छापील कागद पुढे केला. "आजी, एवढ्या दहा ओळी वाचा."

कौतिकाबाईंनी कागद हातात घेतला, सुलटा धरला, चष्म्यातून जरा न्याहाळला आणि परत दिला. दुसरीच्या पुढे त्यांची शाळा गेली नव्हती, पण ते या दोघांना सांगायची काही गरज नव्हती. "जज्जाची आई कोणी दिलेलं वाचत नसते," त्या म्हणाल्या. "नुसतं बोलू का?"

"बोला की. घरात वाढताना बोलता तसंच बोला."

मग काय, कौतिकाबाई पाच मिनिटं बोलल्या. सरकारी क्वार्टरच्या गळक्या नळाबद्दल बोलल्या. कोर्टाचा शिपाई गोरख बाजारातून नेमकी किडकी वांगी कशी शोधून आणतो, त्याला सासूनं कधी भाजी निवडायला बसवलं नाही का, याबद्दल बोलल्या. सून मोहिनी आतल्या दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. यंत्रावरचा बारीक हिरवा ठिपका त्यांच्या शब्दाशब्दाला लुकलुकत होता.

जाताना पायरीवर त्या बाईला त्यांनी विचारलं, "आता सांगा, हे कशाला?"

"साहेबांची तपासणी आहे ना येत्या बुधवारी," ती चप्पल घालत म्हणाली. "त्यांना जे आठवतं, ते त्यांनी स्वतः पाहिलंय की कोणी कानात घातलंय, ते बघतात. आणि कानात घातलं असेल, तर कोणाचा आवाज ते जुळवून बघतात. म्हणून घरातल्या सगळ्यांचे आवाज."

ती सहज बोलली आणि गेली. कौतिकाबाई मात्र दाराची कडी धरून उभ्याच राहिल्या. आपण आत्ता पाच मिनिटं आपल्याच हातानं काहीतरी देऊन बसलो, आणि ते आता परत मागता येणार नाही, एवढं त्यांना कळलं. काय दिलं, ते कळायला रविवार उजाडावा लागला.

अठरा वर्षं त्या जज्जाची आई होत्या. त्याआधी तालुक्याच्या कोर्टासमोर चहा विकणारी विधवा होत्या, आणि त्याचीही त्यांना लाज नव्हती. हेमराज तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाला, खालच्या दिवाणी न्यायाधीशापासून चढत चढत आता मोरदरीला सत्र न्यायाधीश होता. सात गावं, सात क्वार्टर. दर दोन-तीन वर्षांनी बोचकी बांधायची. आणि गाव कुठलंही असो, घराचे नियम तेच. कोणाच्या लग्नाला जायचं नाही. कोणाच्या घरचं खायचं नाही. शेजारणीला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे घरात कोर्टाचं काही बोलायचं नाही. हेमराजनं पहिल्याच क्वार्टरमध्ये आईला समोर बसवून सांगितलं होतं, की साक्षीदारानं शपथेवर सांगितलेलंच माझ्या कानात यायला हवं, बाकी सगळी घाण.

जन्मभर दहा माणसांत बसून बोललेल्या बाईला हा तुरुंगच. म्हणून त्यांनी एक खिडकी उघडी ठेवली होती. आठवडे बाजाराला त्या स्वतः जायच्या. साधं लुगडं, हातात कापडी पिशवी, कोणाची कोण ते सांगायचं नाही. मिरचीवाल्या बिजाबाईच्या पोत्याशेजारी बूड टेकायचं आणि गावाचं ऐकायचं. हेमराजच्या पोलिसांना, वकिलांना जे कळत नाही ते आपल्याला पाव किलो मिरचीत कळतं, याचा त्यांना मोठा तोरा होता.

आणि कधीतरी, ताट वाढताना, एखादं वाक्य निसटायचं. हेमराज काही बोलायचा नाही. भाकरी मोडायचा आणि खाली मान घालून खायचा. त्यानं ऐकलंच नाही असं त्याही समजायच्या, आणि तोही.

रविवारी दुपारी जेवताना मोहिनीनंच विषय काढला. "ते डोक्याला काय लावणार आहेत तुमच्या? दुखतं का?"

"दुखतं कसलं. कपाळावर फडकं बांधल्यासारखं असतं." हेमराज आज खुशीत होता. जिल्ह्याच्या मुख्य न्यायाधीशाच्या जागेसाठी त्याचं नाव लागलं होतं. "आई, साक्षीदारांना गेली दोन वर्षं लावतात ती पट्टी तू बघितली नाहीस. माणसाच्या डोक्यात आठवणीला दोन दारं असतात असं धर. एक डोळ्याचं, एक कानाचं. पाहिलेली गोष्ट आठवायला गेलं की डोक्याच्या मागच्या भागात रक्त धावतं. ऐकलेली आठवली की कानाच्या वर, बाजूला. ती पट्टी कवटीतून बारीक उजेड सोडते आणि रक्त कुठे धावलं ते बघते."

"आणि माणूस खोटं बोलला तर?"

"खोटं-खरं तिला कळत नाही. दार कुठलं, एवढंच कळतं. पण गंमत पुढेच आहे. आपण एखादी गोष्ट नुसती ऐकतो. मग मनात तिचं चित्र काढतो. ते चित्र दहा वेळा बघितलं की आपल्याला वाटायला लागतं, हे आपण पाहिलंय. माणूस विसरतो, शपथेवर सांगतो, आणि मनानं अगदी खरा असतो. पण मेंदू विसरत नाही. आठवण वर येताना पहिल्या क्षणी, म्हणजे पापणी लवायच्याही आधी, तो मूळच्या दाराकडेच धावतो. चित्र नंतर येतं. पट्टी तेवढा पहिला क्षण पकडते."

"मग साक्षीदारांना लावा की. जज्जाला कशाला?"

"कारण एक वकील वर जाऊन म्हणाला, साक्षीदाराचं डोकं तपासता, मग ज्यानं फाशी द्यायची त्याचं का नको? बरोबरच आहे. आम्ही निकालात कधी कधी लिहितो, 'न्यायालयाने स्वतः पाहिले'. साक्षीदार कसा घामाघूम झाला, आरोपी कसा उभा होता, असलं. वरच्या कोर्टानं आरोपी पाहिलेला नसतो, म्हणून आमच्या त्या एका वाक्यापुढे ते मान तुकवतात. त्या वाक्याला कोणी हात लावत नाही. आता बढतीच्या आधी तेवढीच वाक्यं तपासणार. माझी अठरा वर्षांतली नऊ निघाली."

"घाबरला नाहीस ना?" मोहिनी म्हणाली.

"मी? जे पाहिलं तेच लिहिलं मी." त्यानं ताक प्यायलं. "आता ते सुकदेव बागूलचं घे. भावाचं घर पेटवून भावाला मारलं त्यानं. शेजारच्या म्हातारीनं काय सांगितलं, तर आग भडकायच्या आधी बोळातून एक माणूस पाय ओढत गेला. तोंड दिसलं नाही. वकिलांनी ते सोडूनच दिलं, दोन्ही बाजूंच्या. पण मी पाहिलं होतं ना. तो पिंजऱ्यात चढला तेव्हा डावा पाय ओढत होता. आजही डोळ्यांपुढे आहे. निळा सदरा होता अंगात."

कौतिकाबाईंच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यात पडला.

"काय झालं, आई?"

"भाजलं," त्या म्हणाल्या. भात कधीचा निवला होता.

निळा सदरा. त्या मोरीत जाऊन हातावर पाणी सोडत बसल्या, आणि ते दोन शब्द डोक्यातून हलेनात. तीन वर्षांमागची ती सकाळ त्यांना लख्ख आठवली. मोरदरीत येऊन महिना झाला होता. बिजाबाई म्हणाली होती, भाऊ जाळणारा सुकदेव पाय ओढत चालतो म्हणे. घरी येऊन ताट वाढताना कौतिकाबाई बोलल्या होत्या. पण नुसतं 'बाजारात म्हणतात' असं म्हटलं तर तो लेक ऐकतो कुठला, उलट नियम सांगेल. म्हणून जरा वजन टाकलं होतं. म्हणाल्या होत्या, "मी माझ्या डोळ्यानं पाहिला. डावा पाय ओढत चालला होता. निळा सदरा घातलेला."

त्यांनी सुकदेवला कधी पाहिलंच नव्हतं. आणि निळा सदरा तर बिजाबाईनंही सांगितला नव्हता. तो कौतिकाबाईंनी आपल्या पदरचा घातला होता, गोष्ट नागडी दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. त्या गेल्या तेव्हा पाय त्यांचेच, पण दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे पडत होते. बिजाबाई नेहमीसारखी पोत्यामागे बसलेली, वर सावलीला तो नवा कागदासारखा पातळ सौरपत्रा बांधलेला, त्याच्या विजेवर तिचा छोटा पंखा फिरत होता.

"या, बसा. आज लवकर?"

"मला एक सांग बिजा. तो सुकदेव. पाय ओढायचा तो. लहानपणापासून तसा व्हता का?"

बिजाबाईनं मिरच्या चाळायच्या थांबवल्या. "आता कशाला मेलं ते?"

"सांग ना."

"लहानपणापासून कशाला. आगीत भाजला व्हता पाय. भाऊ आत म्हणून दार फोडून शिरला ना तो, तवा वरचा वासा पडला पायावर. चार-दोन महिने लंगडला, मग झाला नीट. कोर्टात तारखेला जायचा तवा चांगला ताठ चालत जायचा."

आग भडकायच्या आधी जो बोळातून गेला, त्याचा पाय तेव्हाच दुखरा होता. सुकदेवचा पाय आगीनंतर दुखावला. म्हणजे बोळातला माणूस दुसराच होता. आणि सुकदेव दोन वर्षं जन्मठेपेत होता.

"मग तू मला तसं का नाही सांगितलंस गं? पाय ओढतो एवढंच का सांगितलंस?"

"मला जेवढं सांगायला सांगितलं तेवढं सांगितलं."

"कोणी सांगितलं?"

बिजाबाईनं इकडेतिकडे बघितलं. "त्या जळून मेलेल्या भावाच्या, नामदेवच्या सासरच्यांनी. म्हणाले, जज्जाच्या आईच्या कानावर घाल एवढं."

वरचा पंखा फिरत होता. कौतिकाबाईंना थोडा वेळ फक्त तो फिरताना दिसत होता.

"तुला ठाऊक व्हतं मी कोण ते?"

"आवो, सगळ्या बाजाराला ठाऊक हाय. पहिल्या दिवसापासून." बिजाबाई हसली, आणि त्यात वाईट काही नव्हतं, तेच जास्त वाईट होतं. "सरकारी गाडी असलेल्या घरातून निघता नि साधं लुगडं नेसता, तेवढ्यानं काय होतं? लोक म्हणायचे, म्हातारीच्या कानात घाला, साहेबाच्या ताटात जातं. वकिलाचे पैसे वाचतात."

"आजून काय काय घातलंस माझ्या कानात?"

"ते काय मोजून ठेवलंय का मी? तीन वर्षं झाली." तिनं चाळणी पुन्हा हलवली. मग हळूच हनुवटीनं खूण केली. "ती पलीकडे लसूण घेऊन बसलीय ना, हिरव्या पोलक्याची, ती सुकदेवची बायको. तिला ठाऊक नाय बरं का यातलं काही."

कौतिकाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. पाहायची छाती झाली नाही. इतकी वर्षं ज्या तोंडानं जज्जापासून शिपायापर्यंत सगळ्यांना गप्प केलं, ते तोंड पिशवीत घालून नेल्यासारखं घेऊन त्या घरी आल्या. आपण गावाला ऐकतोय असं त्यांना वाटत होतं. गाव त्यांना वापरत होतं, दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवावी तसं.

हेमराज दुपारच्या सुट्टीत जेवायला आला तेव्हा त्यांनी ताट वाढलं नाही. मोहिनीला म्हणाल्या, "तूही बस." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्यांदाच काही पदरचं न घालता.

हेमराज आधी हसला. "आई, तू सांगितलं असशील. पण मी पाहिलं, ते वेगळं. मी त्याला पिंजऱ्यात चढताना पाहिलाय. निळा सदरा..."

"निळा सदरा म्या शिवला," कौतिकाबाई म्हणाल्या. "माझ्या तोंडानं. बाजारातही कोणी बोललं नव्हतं. तुझ्या डोळ्यांपुढे जो उभा हाय ना हेमराज, तो सुकदेव नाय. ते माझं बोलणं उभं हाय."

हेमराजनं डोळे मिटून घेतले. तो आत बघत होता, हे दोघी बायकांना दिसत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"अजूनही दिसतोय," तो म्हणाला. "तू सांगितलंस, तरी दिसतोय. पाय ओढताना दिसतोय, आई."

त्याचा तो आवाज कौतिकाबाईंनी कधी ऐकला नव्हता. लहानपणी ताप आला तरी हे पोर असं बोललं नव्हतं. तो उठला, येरझारा घालू लागला. "त्या विहिरीच्या केसमध्ये तू काही बोलली होतीस? दागिन्यांच्या? ते पळवून नेलेल्या पोरीच्या? आधीच्या गावी, शिरापूरला असताना?"

"मला आठवत नाय रे."

"आठव. आई, आठव. नऊ वाक्यं आहेत. आणि ती तर नुसती मी लिहिलेली. जी लिहिली नाहीत, नुसती मनात धरून निकाल दिले, ती किती? अठरा वर्षांत अडीच हजार निकाल आहेत माझे."

"आठवत असतं तर सांगितलं नसतं का? म्या बोलायचे आणि विसरायचे. तू ऐकायचास आणि विसरायचास."

मोहिनी म्हणाली, "बढतीचा अर्ज मागे घ्या. अर्ज नाही तर तपासणी नाही. आहे त्या खुर्चीवर राहा. कोणाला कळायचं नाही."

आणि कौतिकाबाईंना, खरं सांगायचं तर, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. वाचलो. पोरगा वाचला, आपला आवाज कोणी कोणाला ऐकवणार नाही, आपलं नाव कुठल्या कागदावर येणार नाही. त्या मोकळेपणानं त्यांनी श्वास घेतला, आणि त्या श्वासाचीच त्यांना सगळ्यांत जास्त भीती वाटली.

हेमराज टेबलाशी बसला. कागद ओढला. अर्ज मागे घेत असल्याचं चार ओळीत लिहिलं, सही केली, पाकिटात घातलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं.

"देऊन टाक," कौतिकाबाई म्हणाल्या. "तू तुझा अर्ज मागे घे. मी बुधवारी जाते."

"तू कुठे जातेस?"

"त्या पट्टीवाल्यांकडे. माझा आवाज त्यांच्याजवळ हाय, तोंड माझ्याजवळ हाय. सांगते सगळं."

"आई, तू जाऊन सांगितलंस की माझं सगळं उघडं पडणार. नुसती बढती नाही. नोकरी जाईल. अडीच हजार निकाल पुन्हा उघडतील. ज्यांना मी सोडलं ते, ज्यांना आत टाकलं ते, सगळे दाराशी येतील."

"येऊ देत."

"तुला भीती नाही वाटत?"

"हातपाय गार पडलेत माझे," कौतिकाबाई म्हणाल्या. "हात लावून बघ. पण ती बाई तिथं लसूण घेऊन बसलीय, आणि तिला ठाऊक नाय. मला ठाऊक हाय. आता मला बाजारात कुठं बसायचं ते सांग."

बुधवारी सकाळी त्या इस्त्रीचं लुगडं नेसून पायरीवर आल्या, एसटीला जायला. गाडी दाराशी उभी होती. मागच्या सीटवर हेमराज बसला होता, दाढी न केलेला. बसताना त्यांना त्याच्या सदऱ्याच्या खिशात ते पाकीट दिसलं, दुमडलेलं, न दिलेलं. जिल्ह्याच्या गावापर्यंतच्या दीड तासात तो एकदाच बोलला. "आई, काल रात्रीपासून मी मोहिनीकडे बघतोय. आमचं लग्न मला आठवतं की फोटोत बघितलंय, तेच कळेना झालंय."

तपासणी करणाऱ्या डॉक्टर तांबोळी बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या होत्या. खोलीत एक खुर्ची, भिंतीवर दोन दिवे. पांढरा डोळ्याचा, पिवळा कानाचा. घरच्यांना आत बसायची मुभा नव्हती, पण हेमराज म्हणाला, "यांना बसू द्या. यांचं काम आहे." डॉक्टरीणबाईंनी एकदा दोघांकडे बघितलं आणि कोपऱ्यात स्टूल दिलं.

पट्टी खरंच फडक्यासारखी होती. ती बांधल्यावर हेमराज एखाद्या आजारी माणसासारखा दिसायला लागला. आधी डॉक्टरीणबाईंनी साधं विचारलं, आज सकाळी दारात काय पाहिलं, काल रेडिओवर काय ऐकलं. पांढरा, पिवळा, पांढरा. दिवे चुकत नव्हते.

मग त्यांनी कागद घेतला आणि निकालातलं वाक्य वाचलं. "आरोपी डावा पाय ओढत चालतो, हे न्यायालयाने स्वतः पाहिले आहे."

पिवळा.

पुन्हा वाचलं. पिवळा. हेमराजनं डोळे घट्ट मिटले, मुठी आवळल्या, जणू जोर लावला तर दिवा बदलेल. तिसऱ्यांदाही पिवळाच.

"आता मी काही आवाज ऐकवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही तेच वाक्य मनात धरा."

मोहिनीचा आवाज आला. दिवा हलला नाही. स्टेनोचा आला, कोणा परक्याचा आला. आणि मग खोलीत कौतिकाबाईंचा आवाज भरला. ठसक्यात, चढत्या सुरात, गोरखच्या किडक्या वांग्यांबद्दल. पिवळा दिवा एकदम इतका उजळला की भिंतीवर हेमराजच्या डोक्याची सावली पडली.

स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकायची कौतिकाबाईंची पहिलीच वेळ. किती खात्रीनं बोलतेय ही बाई, त्यांना वाटलं. वांग्याबद्दलसुद्धा किती खात्रीनं.

मग त्यांनी जबानी दिली. बाजार, बिजाबाई, नामदेवचे सासरचे, सुकदेवचा भाजलेला पाय, न पाहिलेलं पाहिलं म्हणणं, सदरा. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "हे आजच वर जाईल. सुकदेव बागूलची केस पुन्हा उघडेल, त्यात शंका नाही. बाकीच्या निकालांचं काय, ते वरचे ठरवतील." मग जरा थांबून हेमराजला म्हणाल्या, "तोवर साहेब, तुम्ही कोर्टात न बसलेलं बरं."

हेमराजनं मान हलवली. त्या पट्टी सोडायला पुढे झाल्या, तेव्हा तो म्हणाला, "एक मिनिट. माझा एक प्रश्न आहे. मला स्वतःसाठी विचारायचाय."

"विचारा."

"मी अगदी लहान आहे. वडिलांच्या खांद्यावर बसलोय. कोर्टाच्या खिडकीतून आत बघतोय. वर पंखा फिरतोय, खाली उंच पाठीची खुर्ची आहे, रिकामी. त्या खुर्चीपायी मी वकील झालो, जज्ज झालो. माझी सगळी नोकरी त्या एका आठवणीवर उभी आहे." त्यानं आईकडे बघितलं नाही. "ते मी पाहिलं का, एवढं बघा."

कौतिकाबाई स्टुलावरून उठल्या. डॉक्टरीणबाई यंत्राकडे वळायच्या आत त्या म्हणाल्या, "थांबा. त्याला मी सांगते. हेमराज, तुझा बाप तू दहा महिन्यांचा असताना गेला. त्यानं तुला कोर्ट दाखवलं, ते म्या सांगायची, बाप असावा माणसाला म्हणून. पण तू पाहिलंस ते खरं हाय. खिडकी खरी, पंखा खरा, खुर्ची खरी. खांदा माझा व्हता."

डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं, हेमराजनं डोळे मिटले, आणि भिंतीवरचा दिवा लागला. पांढरा. हेमराजच्या छातीतून लांब सुस्कारा निघाला.

खुर्ची त्यानं पाहिली होती, पंखा पाहिला होता. खांद्यावर बसलेल्या पोराला खाली कोणाचं तोंड आहे ते दिसत नसतं, म्हणून खांदा कोणाचा, याचा दिवा त्या यंत्रात नव्हता. ते सांगणारं एकच माणूस त्या खोलीत होतं.

हेमराज वळून त्या माणसाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर कौतिकाबाईंनी त्याला तोंड दिलं असतं. मग त्यानं डोक्याची पट्टी स्वतःच्या हातानं सोडली आणि डॉक्टरीणबाईंपुढे धरली.

"यांना लावता?" तो म्हणाला. "खांद्याचं विचारा."

कौतिकाबाईंनी अंबाडा सोडला, पिकले केस कानामागे घेतले, आणि खुर्चीत बसून डोकं पुढे केलं.